कालीबाईचे खाडे

६ जानेवारी, सोमवार

आजपासून दैनंदिनी. प्रतिभा मॅडम वर्गात म्हणाल्या की व्यवस्थापन शिकणाऱ्याने रोजचं लिहून ठेवावं, डोकं स्वच्छ राहतं. माझं डोकं स्वच्छच आहे, पण वही नवी होती.

मी भाग्येश, बी.बी.ए. दुसरं वर्ष, राहणार कळसाडी, रोज एसटीने शहाद्याला. नाव-गाव लिहून ठेवलेलं बरं, वही हरवली तर परत कोण आणून देणार?

या सत्रात चाळीस गुणांचा प्रकल्प आहे. एखादी संघटना निवडायची, ती कशी चालते ते बघायचं आणि कोण कुणाला हुकूम देतो, कोण कुणाला जबाब देतो याचा तक्ता काढायचा. एक एप्रिलला सगळ्यांसमोर मांडायचं. जोड्या आपल्या आपण करायच्या होत्या. मी इकडंतिकडं बघत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरची रिना आली. तिचा पाडा तळोद्याच्या वर डोंगरात आहे, इथं ती वसतिगृहात राहते. वर्षभरात आम्ही दहा वाक्यं बोललो नसू.

"तू कळसाडीचा ना? बन्सीलाल आप्पांचा?"

"हो. ओळखतेस?"

"नाव ऐकलंय." मग म्हणाली, "माझ्याबरोबर करशील प्रकल्प?"

आप्पांचं नाव डोंगरापर्यंत पोचलंय हे ऐकून छाती दोन इंच फुगली. संध्याकाळी आप्पांना सांगितलं, तर ते नुसतं "हां" म्हणाले.

८ जानेवारी

आप्पांनी लाल वही माझ्यापुढे टाकली. "मॅनेजमेंट शिकी ऱ्हायना ना? मंग लिख हजेरी."

आमचा मळा गावापासून तीन किलोमीटरवर. दिवाळी झाली की डोंगरातली माणसं येतात, मळ्यातच झोपड्या घालून राहतात आणि होळीच्या तोंडावर परत जातात. ऊस, पपई, कापूस, सगळं त्यांच्या हातावर. रूपचंद मुकादम संध्याकाळी ओट्यावर येतो, नावं सांगतो, मी लिहितो. सकाळी वही काखेत मारून तो परत मळ्यावर. वही शहाद्याच्या दुकानातली, लाल कापडी पाठीची, तारखांचे रकाने छापलेले. आला तर बरोबरची खूण, नाही आला तर खाडा.

नावं मजेशीर आहेत. कुणाला नुसतंच "धडगाववाला", एक "काली, सोबत पोऱ्या". आडनावं नाहीतच. रूपचंदला म्हटलं, पूर्ण नावं आण. तो म्हणाला, "कसाले भाऊ? हाक मारी का येतस ना!"

१३ जानेवारी

संघटना कोणती घ्यायची यावर रिनाशी वाद. मी म्हणत होतो जिनिंग किंवा साखर कारखाना. ती म्हणाली, "वर्गातले आठ जण कारखानाच घेणार आहेत. आपण लाहा घेऊ."

मी विचारलं, लाहा म्हणजे काय? तिच्याकडं कुणाला घर बांधायचं असेल, शेतातलं मोठं काम असेल, तर सगळा पाडा जमतो आणि एका दिवसात करून टाकतो. मजुरी नाही. ज्याचं काम तो जेवण घालतो. पुढं दुसऱ्याच्या घरी.

"म्हणजे संघटनाच नाही ती," मी म्हटलं. "अध्यक्ष कोण?"

"तेच तर शोधायचंय."

मुलगी हुशार आहे. तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, कारण घरी ती पावरी बोलते आणि मराठी तिला पुस्तकातून शिकावं लागलं. मी आपला अहिराणीतून घसरत येतो. मॅडमना विषय आवडला. सव्वीस तारखेला रिनाच्या घरीच लाहा आहे, तिचे वडील नवं घर उभारतायत.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज पहिला व्यवस्थापकीय निर्णय घेतला. मुद्दाम तारीख ठळक केली आहे.

रूपचंद ओट्यावर येऊन म्हणाला, "आप्पा, ती काली तीन दिन सुट्टी मांगी ऱ्हायनी. तिना गावमा कोनं तरी घर उभं करनं शे म्हने."

आप्पा सुपारी कातरत होते. "जाऊ दे ना मंग. दोन दिन जाऊ दे."

मी मध्ये पडलो. रविवारी पपईची गाडी भरायची आहे. एकाला सोडलं की उद्या बारा जण उभे राहतील. शिस्त म्हणजे सगळ्यांना एकच नियम, हे मागच्याच आठवड्यात शिकलोय. शिवाय कारण तरी काय, तर "कोणाचं तरी" घर! स्वतःचं असतं तर गोष्ट वेगळी.

आप्पांनी अडकित्ता मिटला. म्हणाले, "मंग तूच सांग त्याले."

मी सांगितलं: नाही. रूपचंद मान हलवून गेला. आई आतून म्हणाली, "काली काय रोज सुट्टी मांगस का?" पण आईला शिस्तीचं तत्त्व कुठून माहीत असणार. रात्रीची भाकर मात्र तिनं जरा आपटूनच वाढली.

२६ जानेवारी, रविवार

खूप लिहायचं आहे, कुठून सुरू करू?

सकाळी तळोद्याहून जीप. आत चौदा माणसं, टपावर सहा आणि दोन कोंबड्या. रिना काल रात्रीच घरी गेली होती. पाड्यावर पोचलो तर काम सुरू झालेलं. तीसेक माणसं. खड्डे खणलेले, जुन्या घराचे सागाचे खांब सोलून ठेवलेले. चार जण खांब उचलतायत, दोन जण दोर ओढतायत, बाया पाणी आणि माती आणतायत, पोरीबाळी बांबूच्या कामट्या विणतायत. आणि आरडाओरडा नाही! आमच्या मळ्यावर गाडी भरायची तर रूपचंदचा घसा बसतो.

मी वही काढून कामाला लागलो. म्हणजे माझ्या कामाला.

रिनाच्या वडिलांना, जालमसिंगकाकांना, विचारलं, "इथं मुख्य कोण?" त्यांनी झाडाखाली बासरी वाजवत बसलेल्या एका म्हाताऱ्याकडं बोट केलं. म्हाताऱ्याला विचारलं, त्यानं चुलीपाशी उडदाची डाळ ढवळणाऱ्या बाईकडं केलं. तिला विचारलं, तिनं मधल्या खांबाकडं. रिना हसून लोळायची बाकी होती. ती म्हणाली, "अरे, हा खांब उभा राहिला की पुढचं काय ते सगळ्यांना कळतंच. त्यात विचारायचं काय?"

बासरीवाल्या म्हाताऱ्यानं दिवसभरात एक काडीही उचलली नाही. जेवायला मात्र पहिल्या पंगतीत. याचं काय काम, मी विचारलं. "तो असतो," रिना म्हणाली. हे तक्त्यात कसं दाखवायचं?

एक नियम मात्र पक्का सापडला. ज्याचं काम, त्याने आदल्या दिवशी दारोदार जाऊन स्वतः बोलावायचं. बोलावणं नसेल तर कुणी जात नाही, शेजारचासुद्धा नाही. न बोलावता जाणं म्हणजे "तुला जमत नाही" असं तोंडावर सांगणं, तो अपमान.

"आणि जे येत नाहीत त्यांचं?"

"येतील पुढं कधी. माझी मावशीच नाही आली बघ. तिनं खूप खटपट केली. खाली गेलीय कामाला, सोडलं नाही तिला."

मी लिहून घेतलं: आणखी एक अनुपस्थित, कारण काम.

ऊन उतरायच्या आत आढं चढलं होतं. ज्वारीच्या तीन भाकरी खाल्ल्या. रिनाचा भाऊ गिरधर, बारावी झालेला, माझ्या वहीकडं सारखा बघत होता. मी त्याला रकाने दाखवले. त्याचे डोळे चमकले.

२७ जानेवारी

तक्ता काढायला बसलो. पाच चौकोन काढले आणि पाचही रिकामे राहिले. सगळ्यात वरच्या चौकोनात काय लिहू? खांब?

पण हे असं किती दिवस चालणार? कोण आलं, कोण नाही, याची कुठंच नोंद नाही. कामचुकार माणूस दहा वर्षं फुकट जेवून जाईल आणि कुणाला पत्ता नाही. लिहिलं नाही म्हणून उणीव, आणि उणीव शोधणं हेच तर आमचं शास्त्र. प्रकल्पात "सुधारणा" नावाचं प्रकरण असतं, दहा गुणांचं. ते सापडलं.

२ फेब्रुवारी

आप्पांच्या कपाटातून एक कोरी लाल वही घेतली आणि पाड्यावर गिरधरला दिली. सगळ्या घरांची नावं घातली, बत्तीस घरं. सव्वीस तारखेचा रकाना मी स्वतःच भरला, माझ्याकडं टिपण होतंच. आलेल्यांना निळी खूण, न आलेल्यांना लाल फुली.

रिना म्हणाली, "लाल नको."

"मग फरक कसा दिसणार?"

"दिसायलाच हवा का?"

तिला मांडणीचं महत्त्व कळत नाही. नंतर म्हणाली, "सुधारणेचे दहा गुण ना? बरं." वही गिरधरने त्यांच्या नव्या घराच्या मधल्या खांबाला दोरीने टांगली. छान दिसते.

१६ फेब्रुवारी

यश! सव्वीस जानेवारीला बावीस घरं होती, नऊ तारखेच्या लाह्याला अठ्ठावीस, आजच्याला एकतीस. वहीचा परिणाम तीन आठवड्यांत. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, "वा, पण कारणं तपासून बघा." कारण काय तपासायचं, कारण खांबाला टांगलंय.

बारीकसारीक गोष्टी दिसल्या, त्या इथंच लिहितो. लोक आता सकाळी आधी गिरधरकडं जातात, नाव लागलं का ते बघतात, मग कामाला. दोघं जण नाव लावून दुपारीच गेले. गिरधरनं मला विचारलं, बासरीवाल्या म्हाताऱ्याचं काय लिहू? काम तर करत नाही. आम्ही विचार करून "अर्धी" लिहिलं. योग्यच आहे.

जेवण मस्त होतं. रिना माझ्याबरोबर जेवली नाही, बायकांमध्ये बसली.

२ मार्च

म्हातारा आज आला नाही. अर्ध्या हजेरीचं त्याला कुणीतरी सांगितलं म्हणे. काम तेवढंच होतं, तरी का कुणास ठाऊक, सूर्य बुडाला तेव्हा छपराचं अजून राहिलं होतं. माणसं जास्त आणि वेळही जास्त, हे गणित काही जमेना. बासरीचा आणि छपराचा संबंध असेल का? असं पुस्तकात तर कुठं नाही.

जालमसिंगकाकांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं. "तुमच्याकडं घरात वही असते का? आईनं किती भाकरी केल्या, बापानं किती खाल्ल्या?" रिनानं मराठीत सांगितलं तेव्हा मी हसलो. ते हसत नव्हते.

११ मार्च

मळा रिकामा झाला, सगळे होळीला डोंगरात गेले. आज आई अंगणात तूर पाखडत होती. म्हणाली, "काली गयी. तिना पोऱ्यानं लगीन शे, दहा एप्रिलले. तिनी माले बी बलावं. आधी नवं घर उभं करी, मंग बहू आनी." आईनं तिला जुनं लुगडं आणि पितळी तांब्या दिला म्हणे. आईचं हे नेहमीचंच, जो येईल त्याच्याशी गूळपीठ. मी विचारलं, काली म्हणजे कोणती? आई म्हणाली, "दोन महिना हजेरी लिखी ना रे तू?"

प्रकल्पाची पानं चाळीसच्या वर गेली. तक्ता अजून रिकामा.

१९ मार्च

रिना आठवडाभर वर्गात नव्हती. आज आली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

तिची मावशी होळीला परत आली. मावशीच्या मुलाचं, गोकुळचं, दहा एप्रिलला लग्न. मावशीला नवरा नाही, जुनं घर अर्धं बसलेलं, त्यात सून कशी आणणार? खांब तयार आहेत. मुलीकडच्यांनी सांगितलंय की घर उभं दिसलं तरच मुलगी पाठवू, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. एक लाहा बोलावला की दिवसाचं काम. पण मावशी बोलवायला तयार नाही.

"का?"

"तिनं वही पाहिली."

तिला वाचता येत नाही, पण गिरधरनं तिच्या घराची ओळ बोटानं दाखवली. चार रकाने, चार लाल फुल्या. पूर्ण पाड्यात एवढ्या फुल्या कुणालाच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती आणि गोकुळ दोघंच खड्डे खणतायत. कुणी जाऊ शकत नाही, बोलावणं नाही. सगळा पाडा आपापल्या दारात बसून तिच्या पहारीचा आवाज ऐकतो.

मी म्हटलं, "मग वहीत कारण लिहून टाकू. सकारण अनुपस्थिती असा रकाना वाढवू."

रिनानं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. हे वाक्य मी बसमध्ये लिहिलं होतं. आता वाचताना ते मलाच लागू पडतंय की काय असं वाटतं.

२३ मार्च, रविवार

एसटीतच लिहितोय, अक्षर वाईट येईल.

मी मावशींना समजावून सांगायला गेलो होतो. वही ही शिक्षा नाही, माहिती आहे, असं सगळं जीपमध्ये घोकत गेलो. रिना दुभाषी म्हणून सोबत. घराच्या जागेवर एक बारकी बाई कमरेइतक्या खड्ड्यात उभी, हातानं माती वर टाकत होती. रिना पावरीत काहीतरी बोलली. बाईनं वर पाहिलं, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला आणि माझ्याशी बोलली. पावरीत नाही. माझ्या घरच्या भाषेत.

"तू बन्सीलाल आप्पाना पोऱ्या ना? देखस काय असा? बठ ना."

मी विचारलं, "तुम्ही माले कशा वळखतस?"

"सात वरीस व्हई गयात तुमना मळामा येस मी. तू शाळामा जाये तैनपासून देखस तुले, रस्तावरथून." ती खड्ड्यातून वर आली, पदर झटकला. "तुन्ही माय बरी शे ना?"

काली, सोबत पोऱ्या.

मग ती त्या वहीबद्दल बोलली, एकदाच, आवाज न चढवता. "ती लाल वही मी वळखी लिन्ही. रूपचंदनी काखमा रोज ऱ्हास ती. मी म्हनं, चला, आप्पानी वही आते वर बी उनी."

मी समजावून सांगायला नेलेलं एक अक्षर आठवलं नाही. म्हटलं, आप्पांनी नाही पाठवली, मी आणली. ती म्हणाली, "हां." अगदी आप्पांसारखं. आणि परत खड्ड्यात उतरली.

येताना जीपच्या थांब्यावर रिनाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू सगळ्यांना सगळं विचारत होतास. मावशी कुठं कामाला गेलीय, एवढं विचारलं नाहीस." मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तू वर आलास की आपोआप दिसेल. आणि दहा गुण मलाही हवे होते. चूक माझीही आहे."

तिची नाही. मला चांगलं माहीत आहे.

२४ मार्च

मळ्याची हजेरी काढून बसलो. पाड्याच्या चार तारखा माझ्या टिपणात आहेत. सव्वीस जानेवारी: काली, खूण. नऊ फेब्रुवारी: खूण. सोळा फेब्रुवारी: खूण. दोन मार्च: खूण. सबंध हंगामात तिचा एकही खाडा नाही. तिकडची वही सगळी माझ्या अक्षरातली नाही, पुढचे रकाने गिरधरनं भरले. पण सव्वीसचा मी. त्या दिवशी रात्री घरी येऊन मी तिची इथं हजेरी लावली, आणि आठवड्यानं तिकडं तिच्यावर लाल फुली मारली. ज्या घरासाठी ती सुट्टी मागत होती, त्याच घराच्या अंगणात मी भाकरी खात होतो.

मला फार लाज वाटली. अजून वाटते.

आप्पांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील, नाहीतर "जाऊ दे" म्हणतील. ते म्हणाले, "मी तर दी ऱ्हायंतू सुट्टी." आणि सुपारी कातरत बसले. यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

उंटावरचा शहाणा म्हणतात तो कसा दिसतो हे बघायला मला आता आरसा पुरेल.

२६ मार्च

काय करता येईल? रिनाशी दोन तास बोललो. वही फाडून काय उपयोग, लोकांनी पाहिली आहे. मी जाऊन खड्डे खणले तर? "न बोलावता? तो तिचा आणखी अपमान." जालमसिंगकाकांनी सगळ्यांना सांगितलं तर? "त्यांना सगळं माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे मावशी का आली नाही. तिच्यावर कुणाचा राग नाहीच."

"मग अडलंय कुठं?"

"पूर्वी ते कुणी बोललं नव्हतं. आता ते लिहिलंय. लिहिलेलं कुणी पुसायचं?"

मॅडमच्या पुस्तकात याला उत्तर नाही. पण लिहिणारा मी आहे, हे खरं.

३० मार्च, पाडवा

आईनं गुढी उभारली आणि मी पिशवी भरली. सणाच्या दिवशी कुठं निघालास म्हणून ती ओरडली. कुठं ते सांगितल्यावर आत गेली आणि गुढीला बांधतात ते साखरेचं हारकडं कागदात बांधून आणलं. "कालीले दे. आनि माफी मांग. पाय लागीसन मांग." आप्पांना विचारून मळ्याची हजेरीची वही घेतली. त्यांनी फक्त म्हटलं, "परत लई ये."

पाड्यावर जालमसिंगकाकांच्या अंगणात दुपारी माणसं जमली होती. रिनानं आधीच सांगून ठेवलं होतं. कालीमावशी आली नव्हती, गोकुळ कोपऱ्यात उभा होता. मी खांबावरची वही सोडून घेतली, दोन्ही वह्या खाटेवर शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या.

मी एक तारीख वाचायचो, रिना पावरीत सांगायची. सव्वीस जानेवारी. इथं फुली, खाली खूण. नऊ फेब्रुवारी. इथं फुली, खाली खूण. मग म्हटलं: तिनं चोवीस तारखेला सुट्टी मागितली होती, जालमसिंगकाकांच्या घरासाठी. वडील देत होते. मी नाही म्हटलं. ही फुली माझी आहे.

शेवटच्या वाक्याला रिना थांबली. मी म्हटलं, सांग. तिनं सांगितलं.

मग मी लाल पेननं वहीत सगळ्यात वर माझं नाव लिहिलं आणि चार फुल्या मारल्या. चारही लाह्यांना मी जेवलो होतो आणि एक ढेकूळ उचललं नव्हतं. हे मी ठरवून गेलो नव्हतो, पेन हातात होतं म्हणून झालं. कुणीतरी मागून हसलं. तो बासरीवाला म्हातारा होता. काहीतरी बोलला आणि सगळेच हसले. रिना म्हणाली, "ते म्हणतात, याला निदान अर्धी तरी द्या."

गिरधर हसला नाही. वही चांगली होती असं तो अजून म्हणतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण ते त्याला मीच शिकवलं.

संध्याकाळी गोकुळबरोबर मावशीच्या जागेवर गेलो. पाया पडलो, हारकडं दिलं. ती पावरीत गोकुळशी बोलली, बराच वेळ. मला नुसतंच म्हणाली, "तुन्ही माय भलती याद ठेवस."

बोलावणार की नाही, काही सांगितलं नाही. शेवटची जीप गेली होती, म्हणून रिनाकडंच राहिलो.

३१ मार्च

सकाळी अंगणात तोंड धूत होतो. पलीकडच्या उतारावर मावशी एका दाराशी उभी दिसली. मग दुसऱ्या. मग खालच्या. ती प्रत्येक दारात थांबत होती, दोन शब्द बोलत होती, पुढं जात होती. रिना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बाकीच्या एकतीस घरांना अर्धा दिवस लागला. म्हाताऱ्याच्या दारात ती सगळ्यात जास्त थांबली.

रिनाच्या दारात ती शेवटी आली. जालमसिंगकाकांना सांगितलं, रिनाच्या आईला सांगितलं. मग माझ्याकडं वळली.

"सकाय घर उभं करनं शे. तू बी येजो."

उद्या एक तारीख. उद्या सादरीकरण आहे, अकरा वाजता, चाळीस गुण. रिनाकडं पाहिलं. मावशी बोलावणारच असं धरून तिनं कालच मैत्रिणीबरोबर मॅडमना चिठ्ठी पाठवली होती, आम्ही येणार नाही म्हणून. मला विचारलं नव्हतं!

"येसू," मी म्हटलं.

१ एप्रिल, मंगळवार

दोन्ही तळहातांना फोड आलेत, पेन धरवत नाही, म्हणून थोडक्यात.

किती माणसं आली ते मोजलं नाही. खरं तर एकदा सुरू केलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी दोराचं टोक माझ्या हातात दिलं. कुणी दिलं तेही माहीत नाही. मधला खांब उभा करताना दोन्हीकडून दोर ओढत होते, आणि कुठल्या क्षणी ढिला सोडायचा हे मला कुणी सांगितलं नाही, तरी मी सोडला. बासरी वाजत होती. असेल त्याचा संबंध. पुढं कधीतरी शोधून काढीन.

अकरा वाजले तेव्हा मी मातीत गुडघ्यापर्यंत होतो. मॅडम वर्गात नावं पुकारत असतील असं मनात आलं. तक्त्याचे पाच चौकोन पिशवीत तसेच होते.

ऊन कलायच्या आत आढं चढलं. पंगतीत मावशी स्वतः वाढत होती. माझ्यापाशी आली, भाकर ठेवली, फोड आलेले हात बघितले. रिना आणि गोकुळ शेजारीच बसले होते. मावशी खाली वाकून अगदी सहज म्हणाली, "तुले सुट्टी दिन्ही का रे कालेजनी?"

मी म्हटलं, "नही मावशी. मांगीच नही. खाडा पडना."

मग तिनं आणखी एक भाकर माझ्या ताटात टाकली.

"पडू दे," ती म्हणाली. "जेव."